आधी डबी कुठल्या प्लास्टिकची ते बघा, गोंदाचं नंतर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काकांचा एक खोका खाली आला, आत साठ-सत्तर सीड्या आणि थोड्या डीव्हीड्या. आता सांगलीतलं घर म्हटल्यावर निम्म्या सीड्या नाट्यसंगीताच्या असणार हे काय वेगळं सांगायला नको. विश्रामबागेतली एक सीडी लायब्ररी बंद पडली तेव्हा काकांनी हा माल स्वस्तात उचललेला, त्यामुळे प्रत्येक डबीवर दोन दोन स्टिकर, एक नंबरचा आणि एक "भाडे रु. 10" चा. म्हटलं काढून टाकू, अर्ध्या तासाचं तर काम. कागद निघाला, तोपण तुकड्या-तुकड्यात, आणि खाली राहिला तो राखाडी चिकट थर, ज्याला पाच मिनिटात धूळ, केस, फटाक्याच्या कागदाचे कपटे सगळं चिकटलं.

मग मी शहाणपणा केला. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेतलं आणि घासलं. गोंद निघाला, मी खूष, आणि बघता बघता डबीचा तेवढाच भाग ताकासारखा पांढरा झाला. बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला, म्हणजे प्लास्टिकच मऊ पडलेलं. आत्या मागनं बघत होती, म्हणाली, "आरं खोबरेल लावायचं की, ह्यो कसला उद्योग!"

आत्याचं बरोबर होतं, पण का बरोबर होतं ते जरा बघू.

पोस्टाचं तिकीट पाण्यात टाकलं की सुटतं, कारण तिकिटाचा गोंद पाण्यात विरघळणारा असतो. स्टिकरचं तसं नाही. तो गोंद म्हणजे रबर किंवा ॲक्रिलिकच्या लांबलचक साखळ्या, पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. असे नुसते दाबून चिकटणारे लेबल यंत्रावर बनवायला 1935 मध्ये लॉस एंजेलिसला स्टॅन्टन एव्हरी नावाच्या माणसाने सुरुवात केली. हा गोंद कधी वाळतच नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. गुऱ्हाळावर काकवी बघितली असेल, ती वाहते पण धरून ठेवत नाही, आणि गूळ धरून राहतो पण वाहत नाही. स्टिकरचा गोंद बरोबर या दोघांच्या मधला. दाबला की हळूहळू पसरून प्लास्टिकच्या बारीकबारीक खाचांत शिरतो, इतका जवळ जातो की रेणूरेणूंमधलं साधं आकर्षणच पकड धरायला पुरतं, आणि ओढला की तारा धरून विरोध करतो. थ्रीएम कंपनीतले कार्ल डालक्विस्ट यांनी याचा एक आकडाच काढून ठेवलाय: गोंदाचा ताठपणा साधारण 3 लाख पास्कलच्या खाली पाहिजे, त्याच्यावर गेला तर चिकटणार नाही. सीडीच्या डबीचं प्लास्टिक याच्या दहा हजार पट तरी ताठ असतं, म्हणजे गोंद किती मऊ लागतो याचा अंदाज घ्या.

आता कागद फाटतो आणि गोंद राहतो असं का, तर तीन गोष्टी एकमेकींशी भांडत असतात, गोंदाची प्लास्टिकवरची पकड, गोंदाची स्वतःची घट्टी आणि कागदाची ताकद. जी सगळ्यात कमजोर ती तुटते. नवीन स्टिकर अख्खा निघतो कारण गोंद अजून नीट पसरलेला नसतो. वीस वर्षांत तो खाचाखाचांत बसतो आणि हवेने, उन्हाने त्याच्या साखळ्याही बदलतात, कुठे तुटून चिकचिकीत होतात, कुठे एकमेकींना जोडल्या जाऊन कडक. काकांच्या खोक्यात दोन्ही प्रकार होते, आणि चिकचिकीतवाले जास्त वात आणतात.

तेलाने काय होतं? तेलाच्या रेणूला लांब शेपट्या असतात, त्या गोंदाच्या साखळ्यांमध्ये घुसतात, गोंद फुगतो, ढिला पडतो आणि प्लास्टिकवरची पकड सोडतो. शेंगतेलही चालतं, खोबरेलच पाहिजे असं काही नाही, उलट खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं त्यामुळे थंडीत आधी बाटली कोमट पाण्यात धरा. फक्त तेल कागदातून आत गेलं पाहिजे, स्टिकर गुळगुळीत कोटिंगचा असेल तर वरचा पापुद्रा आधी नखाने काढा, तेल लावा आणि चक्क सोडून द्या, चहा वगैरे घ्या, वीस-पंचवीस मिनिटं. मग अंगठ्याने चोळलं की अंगावरचा मळ निघाल्यासारख्या वळ्या निघतात. शेवटी भांड्याच्या लिक्विडने धुवायचं, नाहीतर चिकट गेला आणि तेलकट आलं. आणि हो, आतला छापील कागद आधी बाहेर काढा, मी पहिल्या डबीला विसरलो आणि एका गायकाच्या फेट्यावर तेलाचा डाग पडला.

आत्याची दुसरी युक्ती मला जास्त आवडली. उरलेल्या चिकटावर चिमूटभर कणीक भुरभुरायची आणि चोळायचं. पोळपाटावर पीठ टाकलं की पोळी चिकटत नाही ना, तेच. पिठाचे कण गोंदावर बसतात, त्याला बाकी कशाला चिकटायला जागा उरत नाही आणि तो गोळा होऊन येतो. सेलोटेपचा तुकडा दाबून झटक्यात ओढला तरी बराच निघतो, कारण गोंदाला गोंद फार आवडतो. खायच्या सोड्याची पेस्ट करून घासतात काहीजण, पण पारदर्शक डबीवर नको, बारीक चरे पडतात.

आता माझ्या पांढऱ्या डबीकडे. सीडीची कडक पारदर्शक डबी असते पॉलिस्टायरीनची, म्हणजे थर्माकोलचाच सख्खा भाऊ, फक्त न फुगवलेला. डीव्हीडीची लवचिक डबी पॉलिप्रॉपिलीनची, बरेचसे खाऊचे डबे असतात त्यातली. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या बऱ्याच ठिकाणी शिस्तीत रचलेल्या असतात, घरातलं कुठलंही द्रावण पटकन आत शिरत नाही. पॉलिस्टायरीनमध्ये सगळा गुंताच, नेलपॉलिश रिमूव्हरमधलं एसीटोन सरळ आत. आणि "एसीटोन फ्री" वाचून फसू नका, त्यात बहुतेक वेळा इथाइल ॲसिटेट असतं, तेही तितकंच वाईट. रंगकामाचा थिनर, पेट्रोल तर नकोच नको, प्लास्टिकही जाईल आणि गॅस चालू असला तर घरही. संत्र्याच्या सालीच्या तेलाने गोंद मस्त निघतो असं सांगतात, निघतो खरा, पण त्यातलं लिमोनिन पॉलिस्टायरीनलाही विरघळवतं, खात्री करायची असेल तर थर्माकोलवर साल पिळून बघा, खड्डा पडतो.

डबीवर त्रिकोणात नंबर असेल तर सोपं, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 6 म्हणजे पॉलिस्टायरीन. नंबर नसेल तर टिचकी मारा, पॉलिस्टायरीन टिंग वाजतं, पॉलिप्रॉपिलीन ठप्प. तरी शंका असली तर पाणी. सीडीच्या डबीचे मधले दात तुटतातच, त्यातला एक मी वाटीतल्या पाण्यात टाकला, तो तरंगला. मला वाटलं चुकलो. मग बोटाने बुडवला तर तळाला गेला आणि वर आलाच नाही, आधी पाण्याच्या पृष्ठताणावर बसला होता बहाद्दर. डीव्हीडीच्या डबीचा तुकडा कितीही बुडवला तरी उसळून वर, कारण त्याची घनता 0.9 आणि पॉलिस्टायरीनची 1.05.

केस वाळवायच्या मशीनने गोंद मऊ होतो, कागद अख्खा निघतो, पण जवळ धरलं तर सीडीची डबी वाकते. फ्रीजरचं उलट, गोंद चिक्कीसारखा ताठ व्हायला लागतो आणि खरवडून निघतो, पण पॉलिस्टायरीन मुळातच ठिसूळ, जोर लावलात तर गोंदाआधी डबीच तुटायची. म्हणून सीडीला तेल आणि पीठ, डीव्हीडीला थिनर-पेट्रोल सोडून काहीपण.

पन्नासेक डब्या झाल्यात. पांढरी झालेली डबी काकांच्या हातात पडली, त्यांनी उघडली, सीडी लावली, आणि डबीवरच्या माझ्या बोटाच्या ठशाकडे बघून म्हणाले, "हा कुणाचा नंबर?"