चेक बाऊन्स (खान्देशातली उधारी आणि कलम १३८)

चेक बाऊन्स म्हणजे दिलेला चेक न वटता परत येणं. कागदोपत्री त्याला धनादेशाचा अनादर म्हणतात, पण जळगाव-धुळे-नंदुरबारकडे तसं कोणी बोलत नाही, "चेक परत आला" नाहीतर "त्याच्यावर १३८ टाकली" एवढंच. १३८ हे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातलं (चेक-हुंडीसारख्या कागदांचा कायदा) कलम आहे. कायदा इंग्रजांच्या काळातला असला तरी हे कलम त्यात बरंच नंतर घुसवलं, १ एप्रिल १९८९ पासून ते लागू झालं.

खान्देशात हा विषय घरोघरी माहीत असायचं कारण म्हणजे उधारी. रावेर-यावलची केळी कापली की ट्रक भरून उत्तरेकडे निघून जाते, माल नाशवंत, थांबवून ठेवता येत नाही, म्हणून माल आधी जातो आणि पैसे मागून येतात. खत-बियाण्याच्या दुकानात पेरणीला घेतलेलं पीक आल्यावर फेडायचं, सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा) हिशोब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सगळा कारभार ओळखीवर आणि शब्दावर चालतो, "सकाय देसू" (उद्या देतो) म्हटलं की समोरचा गप्प बसतो, आणि ही सकाय कधीकधी तीन वर्षं उजाडत नाही. कायद्याला मात्र तारीख लागते, आणि आपल्याकडच्या चांगल्या-चांगल्या केसेस या तारखांच्या हिशोबातच मरतात.

तो हिशोब असा. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांत तो बँकेत टाकायचा (२०१२ च्या आधी ६ महिने होते, जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे). परत आला की बँक रिटर्न मेमो देते, म्हणजे चेक का परत आला याची चिठ्ठी, ते कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस पैसे द्यायला, नाही दिले तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. समजा मेमो ३ जूनला हातात आला, नोटीस त्याला २० जूनला मिळाली, तर ५ जुलैपर्यंत त्याची मुदत आणि ६ जुलैपासून महिन्याच्या आत तुमची तक्रार दाखल पाहिजे. तक्रारीला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीच्या ३० दिवसांना ती सोय नाही. फक्त चेकचे ३ महिने संपले नसतील तर तो परत बँकेत टाकता येतो, पुन्हा परत आला की ३० दिवस नव्याने सुरू.

लोक पहिली चूक करतात ती म्हणजे पोलीस स्टेशनला पळतात. १३८ ची तक्रार पोलिसांकडे नसते, ती थेट न्यायदंडाधिकारी कोर्टात करायची असते, त्यामुळे तिथे चार चकरा मारून "दिवाणी मॅटर आहे भाऊ" ऐकून यायचं आणि तोवर महिना गेलेला. दुसरी चूक नोटिशीतल्या रकमेची. चेक २ लाखाचा आणि नोटिशीत रागारागाने व्याज धरून अडीच लाख हा चेकचा आकडा म्हणून लिहिला तर नोटीसच बाद होऊ शकते, मागायची ती चेकवरचीच रक्कम, व्याज-खर्च वेगळं दाखवायचं. आणि चेक घेतल्यावर मधे ८० हजार रोख मिळाले असतील तर पूर्ण २ लाखाचा चेक टाकायचा नाही, मिळालेल्या पैशाची नोंद चेकच्या मागे करून उरलेल्यासाठी टाकायचा, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. नोटीस घेतलीच नाही, पोस्टमनला परत पाठवली, म्हणून कोणी सुटत नाही, पत्ता बरोबर असेल तर ती पोहोचली असंच धरतात.

केस कुठे चालणार हा आपल्या भागातला मोठा प्रश्न, कारण घेणारा व्यापारी बऱ्याचदा बुऱ्हाणपूरचा नाहीतर दिल्लीकडचा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने केस चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी न्यायची पाळी आली होती, मग २०१५ च्या दुरुस्तीने ते बदललं. आता तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट, म्हणजे रावेरच्या खात्यात चेक भरला तर दिल्लीवाल्याला रावेरला यावं लागतं. ही एक गोष्ट शेतकऱ्याच्या फार कामाची आहे.

शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१८ पासून आरोपीने गुन्हा नाकारला तर कोर्ट त्याला चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम निकालाआधीच तक्रारदाराला द्यायला लावू शकतं. तडजोड कधीही होऊ शकते, आणि खरं सांगायचं तर पैसे बहुतेक तडजोडीनेच सुटतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा पक्का, त्यावर अपील नाही.

आता देणाऱ्याची बाजू. "सिक्युरिटी म्हणून" कोरा सही केलेला चेक देणं इकडे इतकं सर्रास आहे की कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण कायदा सही दिसली की देणं होतंच असं गृहीत धरतो, आणि ते नव्हतं हे पटवायचं ओझं सही करणाऱ्यावर. चेक कोरा दिला होता एवढं म्हणून भागत नाही, स्टॉप पेमेंट करून (बँकेला चेक वटवू नका सांगून) किंवा खातं बंद करूनही नाही. नोटीस आली की गप्प बसायचं नाही, १५ दिवसांत वकिलाकडून उत्तर द्यायचं आणि हिशोबाचे कागद काढून ठेवायचे. चेक धरून बसलेला माणूस बिनपरवाना सावकारी करत असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, त्याची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे (सहकार खात्याचा अधिकारी) जाते.

पुराव्यात नुसती दुकानाची वही एकटी पुरत नाही. बिल, वजनकाट्याची पावती, बँकेचा उतारा, व्हॉट्सॅपवरचं "पुढच्या हप्त्यात टाकतो" हे सगळं जपायचं, मोबाईल बदलताना तर नक्कीच. २० हजार किंवा त्यावरची हातउसनवारी रोखीने देऊ-घेऊ नये, आयकरवाल्यांचा त्रास वेगळा आणि कोर्टात उलटतपासणीला आयता मुद्दा. चेकच नसेल तर उधारीचा दिवाणी दावा ३ वर्षांत लावायचा, त्या मुदतीत समोरच्याने सहीनिशी देणं कबूल केलं की ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, म्हणून दर आखाजीला खात्यावर बाकीचा आकडा टाकून त्याच्याखाली तारखेसकट सही घेणारे दुकानदार आहेत.