रेणूचा फोटो, त्याच्याच इलेक्ट्रॉनच्या मदतीनं

२०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अॅटोसेकंद स्पंदांना, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही अब्जाव्या भागात मोजायच्या प्रकाशाच्या झटक्यांना, मिळालं आणि ‘इलेक्ट्रॉनचा फोटो काढणारा कॅमेरा’ असे मथळे झळकले. असा कॅमेरा नाही. नेहमीच्या लेसरची तरंगलांबी ८०० नॅनोमीटर, रेणूतला बंध जेमतेम ०.१ नॅनोमीटरचा. त्या प्रकाशात अणू वेगळे दिसणं शक्यच नाही.

रेणूतली हालचाल टिपायची तर प्रश्न दोन: इतक्या कमी वेळात पाहायचं कसं आणि इतक्या लहान जागेत पाहायचं कसं. वेळेचा प्रश्न त्यामानानं सोपा. स्पंदाचे दोन भाग करायचे: पहिला क्रिया सुरू करतो, दुसरा मागून येऊन काय झालं ते तपासतो. दुसऱ्या भागाच्या वाटेतला आरसा दीड मायक्रॉन मागे घेतला की जाऊन-येऊन अंतर ३ मायक्रॉननं वाढतं, म्हणजे १० फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे हजार अॅटोसेकंद) उशीर. बंध तुटताना पाहण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवेल यांनी हीच रीत वापरली आणि १९९९ चं नोबेल मिळवलं. पण त्यात हाती येतो वर्णपट, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती याची नोंद. अणू कुठे आहेत हे गणितानं काढावं लागतं.

जागेचा प्रश्न सुटतो तो रेणूचाच इलेक्ट्रॉन उसना घेऊन. चौरस सेंटीमीटरला शंभर लाख कोटी वॅट इतका तीव्र स्पंद रेणूवर पडला की त्याचं विद्युतक्षेत्र एक इलेक्ट्रॉन उपटून लांब नेतं. प्रकाशलहरीच्या अर्ध्या आवर्तनानंतर क्षेत्राची दिशा उलटते आणि तोच इलेक्ट्रॉन वेगानं घरी परत आदळतो. इलेक्ट्रॉन लहरीसारखाही वागतो, म्हणून अणूंवरून विखुरताना त्याच्या लहरींचं विवर्तन होतं, म्हणजे त्या पसरून एकमेकींत मिसळतात व नक्षी उमटते, आणि त्या नक्षीतून बंधांची लांबी मिळते. ८०० नॅनोमीटरला परतीची ऊर्जा फार तर १९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अशा सूक्ष्म ऊर्जेचं एकक), लहर ०.२८ नॅनोमीटरची, फारच ढोबळ. ही ऊर्जा तरंगलांबीच्या वर्गानं वाढते. म्हणून तितक्याच तीव्रतेचा ३.१ मायक्रॉनचा अवरक्त लेसर घेतला की ती २८० च्या घरात जाते आणि लहर ०.०७ नॅनोमीटरवर येते. किंमत अशी, की लांबच्या फेरीत इलेक्ट्रॉनची लहर पसरते आणि नेमके परतणारे फार थोडे उरतात. मग सेकंदाला लाखभर स्पंद मारत तासन्‌तास मोजत बसायचं. २०१६ मध्ये अॅसिटिलीनचा कार्बन-हायड्रोजन बंध साधारण ९ फेम्टोसेकंदांत तुटताना टिपला गेला तो असाच. शिवाय फोटो निघतो तो इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूचा, आणि तोही एकाचा नव्हे, असंख्य रेणूंचा मिळून. म्हणून आधी एका सौम्य स्पंदानं रेणू एका दिशेला वळवून घेतात. नाहीतर नक्षी पुसट होते.

काच हा नवख्यांचा हमखास सापळा. १० फेम्टोसेकंदांचा ८०० नॅनोमीटरचा स्पंद ५ मिलिमीटर क्वार्ट्झ काचेतून गेला की ताणून ५० चा होतो, कारण लाल रंग पुढे सटकतो आणि निळा मागे राहतो. म्हणून भिंग टाळून वक्र आरसा वापरतात, आणि प्रयोग होतो त्या निर्वात कक्षाची खिडकी पातळ ठेवतात.

एवढं करूनही नक्षी उमटत नसेल तर लेसरचं ध्रुवण, म्हणजे त्याचं विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेत डोलतं ते, तपासावं. ते रेषीयच हवं. जरा लंबवर्तुळाकार झालं की परतणारा इलेक्ट्रॉन बाजूला ढकलला जातो आणि रेणूला चुकवून निघून जातो.