सार्कोमा: पहिल्या छेदाआधीचे निर्णय आणि नंतरचे दिवस

मांडीत किंवा दंडात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्या चरबीच्या असतात. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या यांत होणारा कॅन्सर, त्या मानाने फार विरळ. प्रौढांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा साधारण १ टक्का, आणि त्यातही ५० हून अधिक प्रकार. बऱ्याच सर्जनना आख्ख्या कारकिर्दीत असे मोजकेच रुग्ण भेटतात. म्हणूनच सगळ्यात मोठे नुकसान बहुधा सुरुवातीलाच होते. चरबीची गाठ समजून ती तपासणीविना काढली जाते आणि दहा दिवसांनी रिपोर्टमध्ये सार्कोमा निघतो.

यात नेमके काय बिघडते? सार्कोमा वाढताना भोवतालच्या ऊती दाबत जातो आणि त्यांचे एक खोटे आवरण तयार होते. त्या आवरणालगत गेले की गाठ आंब्यातल्या कोयीसारखी सुटी निघते, आणि सर्जनला वाटते, पूर्ण निघाली. प्रत्यक्षात त्या आवरणात आणि त्याच्या पलीकडेही कॅन्सरच्या पेशी असतात. जखमेत साठलेल्या रक्ताबरोबर त्या आणखी पसरतात. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुना व्रण, ड्रेनची नळी जिथून बाहेर काढली होती ती जागा आणि गाठीचा पूर्ण तळ एकसंध काढावा लागतो. पहिला छेद मांडीवर आडवा असेल तर आणखी बरीच कातडी जाते आणि ती भरायला दुसरीकडून मांस-कातडी आणावी लागते.

म्हणून ५ सेंटिमीटरहून मोठी, स्नायूंच्या आवरणाखाली खोल असलेली, वाढत जाणारी किंवा एकदा काढून परत आलेली गाठ एमआरआय आणि बायॉप्सी झाल्याशिवाय काढू देऊ नये. यातले एक लक्षण असले तरी पुरे. दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. सार्कोमाची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

गाठ आधीच काढून झाली असेल, तरी वाट बंद झालेली नाही. शस्त्रक्रियेची लेखी नोंद, आधीचे सगळे स्कॅन आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक, म्हणजे गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे, गोळा करा. गाठ अखंड निघाली की तुकड्यांत, हे त्या नोंदीत असायला हवे. हे सगळे घेऊन सार्कोमा नेहमी हाताळणाऱ्या केंद्रात जा.

आधी एमआरआय, मग बायॉप्सी, कारण सुईमुळे झालेला रक्तस्राव एमआरआयचे चित्र बिघडवतो. बायॉप्सी जाड सुईची हवी, साधारण १४ किंवा १६ गेजची, आणि गाठीच्या जिवंत भागातून अनेक तुकडे घेतलेली. एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीत, सुट्या पेशी येतात, ऊतीची रचना दिसत नाही. त्यावरून ग्रेड, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे ते, ठरत नाही. सुई कुठून घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने ठरवावे, कारण सुईची वाट नंतर गाठीबरोबरच काढली जाते. छातीचा सीटी स्कॅनही लागतो. हा कॅन्सर पसरलाच तर बहुधा फुप्फुसात जातो. काही प्रकार वेगळे वागतात. मिक्सॉइड लायपोसार्कोमा मणक्यात जाऊ शकतो, एपिथेलिऑइड सार्कोमा लसीका ग्रंथींमध्ये. प्रकाराचे नेमके नाव कळल्याशिवाय कोणता स्कॅन करायचा हेही ठरत नाही.

ते नाव पहिल्या रिपोर्टमध्ये चुकू शकते. फ्रान्सच्या रोन-आल्प भागातील अभ्यासात तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टांनी पुन्हा पाहिल्यावर सार्कोमाची ४० टक्क्यांहून अधिक निदाने कमीअधिक बदलली. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासले जातात. फक्त स्लाइड नेऊ नका, मेणाचे ब्लॉकही न्या. नव्या चाचण्यांसाठी ब्लॉकमधून ताजे काप काढावे लागतात. सायनोव्हियल सार्कोमात एसएस१८ जनुकाची अदलाबदल, काही लायपोसार्कोमात एमडीएम२ जनुकाच्या वाढलेल्या प्रती, अशा खुणांवरून निदान पक्के होते. ग्रेडसाठी तीन गोष्टींचे गुण मिळवतात: पेशी मूळ ऊतीपासून किती दुरावल्या, किती वेगाने विभागतात आणि गाठीचा किती भाग मेलेला आहे. बेरीज २ ते ३ म्हणजे ग्रेड १, ४ ते ५ म्हणजे २, ६ ते ८ म्हणजे ३. यासाठी एकदोन आठवडे गेले, तर ते वाया गेले असे समजू नका. चुकीच्या नावावर सुरू केलेला उपचार त्याहून कितीतरी महागात पडतो.

'पाय काढावा लागेल का?' हा घरातला पहिला प्रश्न. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने ४३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींचा अवयव काढला, बाकीच्यांचा वाचवून रेडिएशन दिले. वाचवलेल्यांत गाठ त्याच जागी परत येण्याचे प्रमाण थोडे जास्त होते, पण जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. आज बहुसंख्य रुग्णांचा हातपाय वाचतो.

रेडिएशन शस्त्रक्रियेआधी घ्यायचे की नंतर, हा मात्र खरोखर रुग्णाने विचार करून ठरवण्याचा विषय. आधी दिले तर ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक), २५ बैठकांत, आणि मग साधारण ४ ते ६ आठवडे थांबून शस्त्रक्रिया. नंतर दिले तर ६० ते ६६ ग्रे, तेही मोठ्या भागावर. कॅनडातील २००२ च्या चाचणीत आधी रेडिएशन घेतलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांना जखमेचा त्रास झाला, नंतर घेतलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. पण दोन वर्षांनी ऊती कडक होण्याचे प्रमाण उलटे निघाले: आधीच्या गटात सुमारे ३१ टक्के, नंतरच्या गटात ४८. जखम उशिरा का होईना भरते. कडक झालेली मांडी आणि आखडलेला गुडघा जन्मभर सोबत राहतात. म्हणून जमेल तिथे आधी रेडिएशन हाच आमचा कल. मधुमेह ताब्यात नसेल, तंबाखू चालू असेल किंवा गाठ मांडीच्या वरच्या आतल्या बाजूला असेल, तर जखमेचा धोका वाढतो. ते आधीच बोलून घ्यावे. पोटात मागच्या बाजूला असलेल्या सार्कोमाला हे आकडे लावू नयेत, तिथले गणित निराळे आहे.

केमोचा निर्णय 'सध्या काय साधायचे आहे' यावर ठरतो. पसरलेल्या आजारात डॉक्सोरुबिसिन एकटे द्यायचे की आयफोस्फामाइडसोबत, यावर युरोपातील चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली आले. दोन्ही औषधे मिळून गाठ आक्रसण्याचे प्रमाण २६ टक्के, एकट्याने १४. एकूण आयुष्यात मात्र लक्षणीय फरक नाही, आणि पांढऱ्या पेशी घटून ताप येण्याचे प्रमाण जोडीत ४६, एकट्याने १३ टक्के. गाठ एखाद्या नसेवर दाबत असेल आणि ती लवकर लहान करायची असेल, तर जोडी योग्य. तशी घाई नसेल, तर एकटे औषध घेऊन बरे राहणे हाही पूर्ण उपचारच. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून आयुष्यभराच्या एकूण मात्रेला मर्यादा असते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅमचे सहा डोस म्हणजे ४५० मिलिग्रॅम होतात, साधारण तिथे थांबतात. मूल हवे असेल तर पहिल्या डोसआधी वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवण्याची चौकशी करा. नंतर उशीर झालेला असतो.

नव्या औषधाची बातमी आली की नातेवाईक धावपळ करतात, ते समजण्यासारखे आहे. पण ओलाराटुमॅब आठवावे. २०१६ साली छोट्या चाचणीवर त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१९ साली मोठ्या चाचणीत आयुष्य वाढत नाही असे दिसले आणि ते मागे घेतले गेले. औषध आपल्याच प्रकारच्या सार्कोमावर तपासले आहे का, हे आधी विचारा.

घरी थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.

मनाचा भार वेगळाच. इंटरनेटवरचे जगण्याचे आकडे अनेक प्रकार आणि सगळे ग्रेड एकत्र करून काढलेले असतात. ते आपले समजून रात्र जागवू नये. डॉक्टरांकडे जाताना एकाने विचारायचे, दुसऱ्याने लिहायचे. स्कॅनचा रिपोर्ट मोबाइलवर संध्याकाळी येऊन पडतो. तो लगेच उघडायचा की डॉक्टरांसमोर, हे रुग्णाने आधीच ठरवून घरच्यांना सांगावे. रुग्णापासून निदान लपवले, तरी केमोच्या वॉर्डात ते त्याला कळतेच, आणि मग भीतीबद्दल बोलायला घरात कोणी उरत नाही. दुखणे, झोप, उदासी यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना सुरुवातीलाच भेटावे. त्यांच्याकडे जाणे म्हणजे उपचार संपले असे नव्हे.

वरच्या ग्रेडच्या सार्कोमात पहिली दोनतीन वर्षे दर ३ ते ४ महिन्यांनी तपासणी, पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. फुप्फुसात मोजक्या गाठी दिसल्या तर त्या शस्त्रक्रियेने काढता येतात का, हे विचारायलाच हवे. रेडिएशन घेतलेल्या मांडीत काही वर्षांनी चालताना नवे दुखणे सुरू झाले, तर मालीश करू नका. हाड ठिसूळ होऊन तडा गेलेला असू शकतो. आधी एक्स-रे काढून घ्या.