दुकानांच्या जुन्या ओळी : वारसामूल्य (मराठवाडा)

शहराच्या जुन्या पेठेत भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या आणि बहुतांशी एकाच बांधणीच्या दुकानांच्या सलग रांगेला वास्तुवारसा म्हणून असलेले महत्त्व, हा या नोंदीचा विषय आहे. अशा ओळीतील एखादे दुकान सुटे पाहिले, तर त्यात असामान्य असे क्वचितच काही आढळते. ओट्यांची सारखी उंची, गाळ्यांची ठरावीक रुंदी, छज्ज्यांची न तुटणारी रेषा आणि या सर्वांमुळे रस्त्याला आलेले रूप यांतच तिचे मूल्य असते. त्यामुळे मधला एक गाळा पाडून तिथे चार मजली काचेची इमारत उभी राहिली, की शेजारची दुकाने शाबूत असूनही ओळ मोडते.

मराठवाड्यातील याचे सर्वांत ठळक उदाहरण लातूरची गंजगोलाई हे होय. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचला आणि येथील शेतमालाला कुर्डुवाडीमार्गे दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. त्यानंतर काही वर्षांतच, हैदराबाद संस्थानच्या काळात, 1917 मध्ये गोलाई उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती दुमजली वर्तुळाकार बांधणी आणि तिला येऊन मिळणारे 16 रस्ते अशी ही रचना आहे. या रस्त्यांवर सोन्याचांदीचे दागिने, पादत्राणे, मिरची, गूळ असे व्यापार वसले. कापड लाईन, भुसार लाईन ही नावे लातुरात आजही पत्ता सांगताना सहज वापरली जातात. म्हणजे येथे ओळ हेच ठिकाणाचे एकक आहे. बाजारासाठी आखलेल्या रचनेच्या केंद्रस्थानी देवीचे मंदिर असल्याने नवरात्रातील गर्दी आणि एरवीची खरेदी एकाच जागी होते. नुसत्या वास्तूच्या मोजमापात हा भाग येत नाही, पण वारसामूल्य ठरवताना तो वगळताही येत नाही.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील ओळी निराळ्या प्रकारच्या आहेत. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी म्हणून वसवलेल्या आणि पुढे औरंगजेबाच्या काळात तटबंदी लाभलेल्या या शहराच्या पेठा एका आराखड्यातून आलेल्या नसून पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेल्या आहेत. गुलमंडी, सराफा, कासारी बाजार, रंगारगल्ली येथील दुकानांना गोलाईसारखी भूमिती नाही. मात्र कोणत्या गल्लीत कोणता व्यवसाय चाले, हे त्यांतील कित्येक नावे अजून सांगतात. अशा वाढत गेलेल्या ओळींना आखीव ओळींपेक्षा कमी लेखण्याची सवय अभ्यासकांत दिसते, ती योग्य नाही.

जुन्या दुकानाची बांधणी हवामान आणि व्यवहार या दोहोंना धरून होती. रस्त्यापासून उंच ओटा, त्यावर गिऱ्हाईक टेकण्याची जागा, आत गादी आणि गल्ला, डोक्यावर पोटमाळा, मागे माल साठवण्याची खोली आणि पुष्कळदा वरच्या मजल्यावर मालकाचे घर असे. खाचेत सरकवायच्या लाकडी फळ्या हेच दार असे. सकाळी त्या काढल्या, की दुकानाची पूर्ण रुंदी रस्त्याला खुली होई. जाड भिंती आणि पुढे आलेला छज्जा यांमुळे वैशाखातील उन्हाची धग कमी होई. लोखंडी शटर आल्यावर फळ्या गेल्या, आणि नामफलकांच्या पत्र्यांखाली कमानी व कोरीव तुळया झाकल्या गेल्या. चुन्यातील जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास आत ओल कोंडते आणि भिंत लवकर खचते. दुरुस्तीच्या नावाखाली होणारे नुकसान बहुधा असेच होते.

कायद्याच्या चौकटीत या ओळी नीट बसत नाहीत. 1958 चा केंद्रीय प्राचीन स्मारक कायदा किमान 100 वर्षे जुन्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंचा विचार करतो. वापरातली, अनेक मालकांची दुकाने हा त्याचा विषय नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अधिक उपयोगी आहे, कारण विकास आराखड्यात एकट्या इमारतीबरोबर संपूर्ण वारसा परिसरही नोंदवता येतो. मुंबईत 1995 च्या नियमावलीने हा मार्ग वापरला. भाडेकराराचा प्रश्न याहून चिवट आहे. मराठवाड्यात 1954 चा हैदराबाद घरभाडे कायदा लागू होता आणि 2000 पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. जुन्या, अत्यल्प भाड्यात मालकाला डागडुजी परवडत नाही आणि ताबा जाईल या भीतीने भाडेकरू मोठ्या कामाला हात लावू देत नाही. रस्तारुंदीकरणात तर ओळीचा दर्शनी भागच, म्हणजे ज्यासाठी ती जपायची तोच, आधी कापला जातो.

व्यवसाय बदलला म्हणून ओळीचे मूल्य संपते, असे मानण्याचे कारण नाही. घाऊक धान्यव्यापार बाजार समित्यांच्या आवारात गेल्यावर जुन्या मोंढ्यांतील (धान्यबाजारांतील) अडतीच्या गाळ्यांत किराणा, भांडी, मोबाइल दुरुस्ती असे व्यवसाय आले. गाळ्याची रचना मुळातच कोणताही माल सामावून घेणारी असल्याने हा बदल तिला बाधत नाही. संरक्षणाचे नियम करताना आतल्या व्यवसायाला मोकळीक देऊन ओटा, छज्जा, उंची आणि फलकांचा आकार एवढ्यांवरच बंधन घातले, तर दुकानदारांचा विरोधही कमी होण्याची शक्यता असते.