मोडेम बोलतो, टीव्ही नुसता ऐकतो

भिंतीतून केबलचं एकच टोक येतं आणि त्यावर टीव्हीही चालवायचा असतो, इंटरनेटचा मोडेमही. अमेरिकेतल्या घरांत हे नेहमीचंच. मुंबई-पुण्यात केबलवरून इंटरनेट घेतलेल्यांनाही हाच प्रश्न पडतो. त्यासाठी दोन तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एक सिग्नल दोन वाटांत विभागणारी छोटी डबी, पुरतो, पण तो डोळसपणे निवडायला हवा.

टीव्ही फक्त ऐकतो. मोडेम मात्र उलट बोलतोही, आणि अमेरिकेतल्या जुन्या रचनेत त्याचं बोलणं ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. घरात येणारं सगळं ५४ च्या वर. म्हणून स्प्लिटरवर ‘५–१००० मेगाहर्ट्झ’ छापलेलं पाहून घ्या. डिश अँटेनासाठीचे काही स्प्लिटर ९५० पासून सुरू होतात, तर काही फक्त टीव्हीपुरते, ४७ पासून. या दुसऱ्या प्रकारावर टीव्ही छान दिसतो, पण मोडेमचा दिवा लुकलुकतच राहतो, कारण त्याचा आवाज बाहेर पोचतच नाही.

स्प्लिटरऐवजी स्वस्तातला ‘टी’ जोड लावू नका. केबलचा अवरोध, म्हणजे सिग्नलला होणारा तिचा विरोध (इम्पीडन्स), ७५ ओहम असतो. दोन फांद्या समांतर जोडल्या की तो ३७.५ होतो आणि सुमारे ११ टक्के शक्ती जोडावरूनच परत फिरते. शिवाय मोडेमचा जोरदार आवाज थेट टीव्हीत शिरतो. स्प्लिटरच्या डबीत फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेली तार आणि एक छोटा रोधक असतो. अवरोधाचा मेळ आणि दोन तोंडांमधला आडोसा, दोन्ही त्यातूनच साधतं.

सिग्नल निम्मा झाला म्हणजे ३ डेसिबल गेले. डबीतली गळती धरून तोंडावर ३.५ छापलेलं असतं. ही घट दोन्ही दिशांना लागते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकल्यावर बऱ्याच केबल मोडेमची माहिती दिसते. स्प्लिटर लावण्याआधी आणि नंतर तिथले आकडे टिपून ठेवा. समजा आधी येणारा सिग्नल −५ डीबीएमव्ही (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) होता आणि जाणारा ४७. नंतर ते −८.५ आणि ५०.५ च्या आसपास दिसतील, कारण वाटेतली घट भरून काढायला मोडेमला तेवढं जोरात बोलावं लागतं. येणारा −७ ते +७ मध्ये असलेला बरा. −१५ ही शेवटची हद्द. जाणारा ५० च्या वर गेला की मोडेम जवळजवळ ओरडतोय असं समजा. उन्हाळ्यात बाहेरची केबल तापते, घट आणखी वाढते आणि कनेक्शन तुटू लागतं.

तीन तोंडं हवी असतील तर ३.५, ७, ७ असे आकडे असलेला स्प्लिटर घ्या आणि ३.५ च्या तोंडावर मोडेम लावा. रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचं टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल परत फिरू न देणारी टोपी, बसवा. सिग्नल कमी पडतो म्हणून टीव्हीसाठीचा साधा बूस्टर मोडेमच्या वाटेत घालू नका, तो परतीचा रस्ताच बंद करतो.

जोडणीला आरजी-६ केबल वापरा. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर जेमतेम ३ मिलिमीटर डोकावावी आणि केबलच्या आतल्या धातूच्या जाळीचा एकही धागा तिला चिकटू नये. कनेक्टर आधी हाताने आवळा, मग पान्याने हलकासा वळसा द्या. सैल जोडातून आसपासचे रेडिओ सिग्नल आत शिरतात आणि परतीच्या वाटेने वर जातात. ती वाट सगळ्या गल्लीची एकच असल्याने तुमच्या घरातल्या एका ढिल्या कनेक्टरमुळे शेजाऱ्यांचं इंटरनेटही रखडू शकतं.