रिमोटचं बटण शिक्षकांपर्यंत पोचत नाही

डिश लावलेल्या टीव्हीवर शिकताना रिमोटने दिलेलं उत्तर थेट शिक्षकांकडे जातं, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. छपरावरची डिश सिग्नल घेते, पाठवत नाही. प्रश्नमंजुषेची उत्तरं प्रसारणासोबतच टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्समध्ये उतरतात; चूक की बरोबर ते बॉक्सच ठरवतो. शंका विचारायला फोन किंवा इंटरनेट हवंच. नुसते पाठ बघायला मात्र दोन्ही लागत नाहीत: २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या या शिक्षण उपक्रमाच्या इयत्तावार वाहिन्या दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काविना दिसतात.

कोकणात खरी अडचण वेगळीच. रत्नागिरीहून फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आग्नेयेला, सुमारे ६० अंश उंचीवर आहे. त्या रेषेत माडाची झावळ वाढली की चित्र फुटतं. त्यात खारी हवा! डिशसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणारा भाग असतो, त्या एलएनबीचा कनेक्टर काढून बघा. तांब्याच्या तारेवर हिरवा थर दिसला तर घासत बसू नका. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा, वरून रबर टेप घट्ट गुंडाळा. कनेक्टरला हात लावण्याआधीच बॉक्सचा प्लग काढा, कारण केबलमधून १३ ते १८ व्होल्ट जातात आणि आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्स बिघडू शकतो. मुसळधार सरीत सिग्नल गेला तर डिशला हात लावू नका, पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं.