मुष्टियुद्धपट

मुष्टियुद्धपट : मुष्टियोद्ध्याचे आयुष्य व रिंगणातील लढत यांभोवती कथानक गुंफलेला चित्रपटप्रकार. वृत्तपत्री मराठीत ‘बॉक्सिंगपट’ हा शब्दही चालतो. आरंभीच्या काळात प्रत्यक्ष सामन्यांच्या चित्रित पट्ट्या याच नावाखाली मोडत. पुढे कथापट आणि सामनापट वेगळे झाले. हलाखीतला तरुण, त्याला घडवणारा वयस्क गुरू, निकाल विकत घेऊ पाहणारा दलाल, घरी वाट पाहणारी स्त्री आणि अखेरची मोठी लढत हा मालमसाला सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही.

या चित्रपटांची चर्चा संघर्ष, जिद्द व उद्धार या तीन शब्दांत करण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी ‘उद्धार’ हा शब्द थोडा मोठाच पडतो. ‘सोडवणूक’ अधिक बरा, कारण जवळजवळ प्रत्येक कथेत नायकाने काहीतरी गहाण टाकलेले असते : शरीर, नाव, भावाचा विश्वास, क्वचित एखादी संपूर्ण लढत. ती वस्तू परत मिळते की नाही, हा कथेचा खरा प्रश्न असतो. सामन्याचा निकाल त्याच्याशी जुळतोच असे नाही.

या प्रकाराचा प्रारंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. टॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत १८९१ च्या सुमारास दोन माणसे ठोसेबाजी करीत असल्याची काही सेकंदांची प्रायोगिक पट्टी घेण्यात आली होती. तिला सामना म्हणणे कठीण. सामान्यतः मायकेल लेनर्ड व जॅक कुशिंग यांची लढत आद्य मानतात. ती १८९४ च्या जूनच्या मध्यास न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे एडिसन यांच्या ‘ब्लॅक मारिया’ या चित्रणगृहात घेतली गेली. दाखवण्याचे साधन किनेटोस्कोप, म्हणजे एका वेळी एकानेच डोळा लावून पाहायची पेटी. तिच्यात एरवी पन्नास फुटांची पट्टी बसे. लढती दाखवण्याचा धंदा करणाऱ्या ओटवे व ग्रे लेथम या बंधूंच्या आग्रहावरून ती दीडशे फुटांपर्यंत वाढवण्यात आली, तरी एका पेटीत जेमतेम मिनिटाचे चित्रण मावे. म्हणून फेरीच मिनिटभराची करण्यात आली. यंत्राच्या मापाने खेळ कापला गेल्याचे हे बहुधा पहिले उदाहरण होय.

सहा फेऱ्या सहा पेट्यांत ठेवून प्रत्येकीचे पैसे वेगळे घेतले जात. बरेच प्रेक्षक अखेरच्या पेटीपाशीच जात, कारण कोण पडतो ते तेथे दिसे, असे सांगितले जाते. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, कथापटांपुढची अडचण तिच्यात नेमकी सापडते. शेवट सगळ्यांनाच पाहायचा असतो. आधीच्या पाच फेऱ्या कोणी का पाहाव्यात? याच वर्षी सप्टेंबरमध्ये जड वजनगटाचा तत्कालीन जगज्जेता जेम्स कॉर्बेट याने पीटर कोर्टनीशी कॅमेऱ्यापुढे सहा फेऱ्यांची लढत केली. सहाव्या फेरीत कोर्टनी पडला. हा निकाल आधीच ठरलेला असावा, असे अभ्यासक मानतात.

लांब चित्रणाची तांत्रिक अडचण सुटली तीही मुष्टियुद्धामुळेच. लांब पट्टी दातेरी चाकावरून ओढली जाताना ताणाने तुटे. पट्टीचे एक सैल वेटोळे चाकाच्या आधी व नंतर मोकळे ठेवले की हिसका वेटोळ्यात जिरतो आणि पट्टी शाबूत राहते. हे ‘लेथम वेटोळे’ म्हणून ओळखले जाते व त्याचे अमेरिकी पेटंट १९०२ मध्ये या बंधूंचे वडील वुडव्हिल लेथम यांना मिळाले. कल्पना मात्र त्यांची नसावी. एडिसन यांच्याकडून फुटलेले विल्यम डिक्सन, फ्रेंच यंत्रज्ञ यूजीन लोस्त आणि एनॉक रेक्टर या तिघांचीही नावे पुढे केली जातात. त्यांत लोस्त यांचा पक्ष अधिक सबळ वाटतो. श्रेय कोणाचेही असो, लेथम मंडळींनी ४ मे १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर ‘यंग ग्रिफो’ व चार्ल्स बार्नेट यांची लढत चित्रित केली आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस ती पडद्यावर पैसे घेऊन दाखवली. पॅरिसमधील ल्यूमिएर बंधूंच्या प्रसिद्ध खेळाच्या सात महिने आधीची ही गोष्ट. प्रक्षेपणाचा दर्जा सुमार होता म्हणून तिला मान कमी मिळाला.

रेक्टर यांनी १७ मार्च १८९७ रोजी नेव्हाडातील कार्सन सिटी येथे कॉर्बेट व बॉब फिट्झसिमन्स यांची लढत ‘व्हेरिस्कोप’ या रुंद पट्टीवर टिपली. बहुतेक अमेरिकी राज्यांत पैशाच्या लढतींना बंदी होती. नेव्हाडाने ती या सामन्यासाठी उठवली. पोटाच्या वरच्या खळगीत बसलेल्या एका ठोशाने कॉर्बेट चौदाव्या फेरीत पडला. चित्रण शंभर मिनिटांहून अधिक होते. आज त्याचा लहानसा भागच उपलब्ध आहे. जगातील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. प्रत्यक्ष सामन्याला जाणे ज्यांना शोभत नसे अशा स्त्रिया या चित्रपटाला लक्षणीय संख्येने आल्या, याकडे चित्रपट-अभ्यासक मिरियम हॅन्सन यांनी लक्ष वेधले आहे. खऱ्या लढतीचे चित्रण हाती नसलेले बदली माणसांकडून तीच लढत पुन्हा लढवून विकत; फिलाडेल्फियाचे सिगमंड लुबिन या धंद्यात आघाडीवर होते. डॅन स्ट्रायबल यांच्यासारखे अभ्यासक या सर्व पट्ट्यांना या चित्रपटप्रकाराचा पाया मानतात, तर लेजर ग्रिंडन यांचा भर १९३० नंतरच्या कथापटांवर आहे. वरील नकली लढतींत नट आणि मुष्टियोद्धा एकत्र आलेले दिसतात, हे ध्यानात घेता पहिले मत दुर्लक्षिता येत नाही.

जॅक जॉन्सन हा जड वजनगटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. त्याने ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जेम्स जेफ्रीझ या गोऱ्या माजी जगज्जेत्याला हरवले आणि अनेक शहरांत दंगली उसळल्या. या लढतीचा चित्रपट ठिकठिकाणी बंद पाडण्यात आला. १९१२ मध्ये अमेरिकी संसदेने मुष्टियुद्धाच्या चित्रपटांची राज्याराज्यांतील वाहतूकच बेकायदा ठरवली. हा कायदा १९४० पर्यंत टिकला. खऱ्या लढतीची पट्टी राज्याची हद्द ओलांडू शकत नव्हती, रचलेल्या लढतीची ओलांडू शकत होती. कथापटाच्या वाढीला या कायद्याचा किती हातभार लागला हे मोजणे अवघड असले, तरी पुढील अनेक दशके पडद्यावरचा नायक आयरिश, ज्यू किंवा इटालियन राहिला आणि कृष्णवर्णीय योद्धा प्रतिस्पर्धी वा मदतनीस, हे उघड आहे. द सेट-अप (१९४९) हा चित्रपट जोझेफ मॉन्क्युअर मार्च यांच्या १९२८ च्या कथाकाव्यावर आधारलेला आहे. काव्याचा नायक कृष्णवर्णीय होता. चित्रपटात तो गोरा झाला.

मूकपटांच्या काळात मुष्टियुद्ध मुख्यतः विनोदाच्या कामी आले. चॅप्लिन व कीटन या दोघांनीही रिंगणाचा उपयोग पळापळीसाठी केला.

आज ओळखीचा असलेला साचा १९४७ ते १९५६ या काळात पक्का झाला. या टप्प्यावर जिद्दीचा अर्थ ठोसे सोसणे एवढाच नाही. ठरवून हरण्यास नकार देणे हा तिचा गाभा आहे. रॉबर्ट रॉसन यांच्या बॉडी अँड सोल (१९४७) मध्ये नायक पैसे घेऊन हरायचे कबूल करतो आणि रिंगणात आपण फसवले जात आहोत हे कळल्यावर प्रतिस्पर्ध्याला लोळवतो. यानंतर त्याचे काय व्हावे यावरून दिग्दर्शक व पटकथाकार यांच्यात मतभेद झाले. रॉसन यांना नायक मारला जावा असे वाटत होते, तर एब्राहम पोलोन्स्की यांनी त्याला जिवंत सोडले. अखेर पोलोन्स्कींचाच शेवट राहिला. सोडवणुकीची किंमत जीव असावी की केवळ भीतीवर मात पुरेशी आहे, हा या वादाचा आशय असून तो पुढच्या चित्रपटांतूनही मिटलेला नाही. या चित्रपटाशी संबंधित अनेकांना पुढे कम्युनिस्टविरोधी चौकशांचा फटका बसला, त्यामुळे त्यातील दलालांकडे भांडवलशाहीचे रूपक म्हणून पाहण्याची पद्धत पडली आहे. ती थोडी ताणलेली असली तरी निराधार नाही.

द सेट-अप मध्ये हीच गाठ अधिक आवळलेली आहे. पस्तिशीचा स्टोकर टॉम्पसन हरणारच, अशी त्याच्या व्यवस्थापकाला एवढी खात्री असते की पराभवाचे पैसे घेऊन तो स्टोकरला सांगतही नाही. स्टोकर जिंकतो. मग बाहेरच्या बोळात गुंड त्याचा हात मोडतात. चित्रपटाची लांबी सुमारे ७२ मिनिटे व कथेचा काळही तेवढाच. आरंभी व अखेरीस चौकातले घड्याळ दिसते. मोडलेल्या हातामुळे तो पुन्हा लढू शकणार नाही आणि पत्नीला तेच हवे असते. सोडवणूक झाली, पण ती गुंडांच्या हातून, हे या कथेतील विदारक वैशिष्ट्य होय.

रॉकी (१९७६) मध्ये निकालाचे महत्त्व आणखी घटले. या कथेला २४ मार्च १९७५ च्या मुहम्मद अली व चक वेपनर लढतीची प्रेरणा मिळाल्याचे मानतात. वेपनर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला होता. चित्रपटात सामन्याच्या आदल्या रात्री नायक रिकाम्या सभागृहात जातो. वर टांगलेल्या प्रचंड चित्रात त्याच्या चड्डीचा रंग चुकलेला असतो. तो तसे सांगतो. आयोजक म्हणतो की त्याने काही बिघडत नाही. घरी येऊन तो प्रेयसीपाशी कबूल करतो की आपण जिंकणार नाही, फक्त अखेरच्या घंटेला उभे राहायचे आहे. पायऱ्या चढून जाण्याचा प्रसंग अधिक गाजला, पण चित्रपटाचा कणा या दोन दृश्यांत आहे. पंचांचा निर्णय गलक्यात धड ऐकूही येत नाही, आणि तो त्याच्या विरुद्ध गेलेला असतो. पहिल्या पाच पेट्यांचा प्रश्न येथे सुटला, असे म्हणता येईल : टिकून राहणे हेच उद्दिष्ट ठरल्यावर प्रत्येक फेरीला वजन येते. मालिकेच्या पुढील भागांत नायक जिंकू लागला आणि हे वजन कमी झाले.

पंधरा फेऱ्या हा आकडा त्या काळचा आहे. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर मरण पावला. त्यानंतर १९८३ पासून एकेका नियामक संस्थेने जगज्जेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या. कालविपर्यास तपासताना ही खूण उपयोगी पडते.

मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या रेजिंग बुल (१९८०) विषयी मतभेद अधिक खोल आहेत. त्याचा नायक जेक लामोटा हा प्रत्यक्षात होऊन गेलेला जगज्जेता. १९४७ मध्ये बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण मुद्दाम हरलो, अशी कबुली त्याने १९६० मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली. चित्रपटात तो मार खाणे ही जणू शिक्षा म्हणून मागून घेतो. तुरुंगाच्या भिंतीवर डोके व मुठी आपटण्याचे दृश्य आणि अखेरीस येणारे बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील आंधळ्याला दृष्टी मिळाल्याचे वचन यांवरून काही समीक्षक त्याचा उद्धार झाल्याचे मानतात. इतरांच्या मते ते वचन दिग्दर्शकाच्या स्वतःविषयी आहे, लामोटा होता तेथेच आहे. दुसरे मत चित्रपटातील पुराव्याशी अधिक जुळते.

पडद्यावरची लढत व प्रत्यक्ष लढत यांत अंतर असते. खरा मुष्टियोद्धा हनुवटी खाली ठेवतो, बहुतेक ठोसे बाहूंवर व खांद्यांवर झेलतो आणि दमला की प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून पंच सोडवेपर्यंत श्वास घेतो. चित्रपटात बचाव जवळजवळ नसतोच, कारण चुकवलेला ठोसा प्रेक्षकाला दिसत नाही. छायालेखक जेम्स वाँग हो यांनी बॉडी अँड सोल साठी चाकांचे बूट घालून, कॅमेरा हातात धरून रिंगणात चित्रण केले; तोवर कॅमेरा बहुधा दोरांबाहेर असे. स्कॉर्सेसींनी लढतीगणिक रिंगणाचा आकार बदलला, त्यामुळे जिंकताना ते ऐसपैस आणि हरताना अडचणीचे भासते. ठोशांच्या आवाजात प्राण्यांचे आवाज मिसळले आहेत. एकूण दोन तासांत लढती थोडाच वेळ चालतात. त्या लांब वाटतात हे संकलक थेल्मा स्कूनमेकर यांचे कौशल्य. तीन मिनिटांच्या फेरीनंतरची एक मिनिटाची विश्रांती ही पटकथाकारांना मिळालेली आयती देणगी आहे : स्टुलावर बसलेला नायक, डोळ्यावर दाबलेला बर्फ आणि कानाशी गुरूचे बोलणे. संवादाची सोय करणारा असा विसावा दर फेरीला क्वचितच एखादा खेळ देतो.

वारंवारच्या आघातांनी मेंदूवर होणाऱ्या परिणामांचे वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात केले. चित्रपटांत हा विषय दुय्यम पात्रांकडे सोपवलेला असतो. नायक सुटतो, मेंदूत रक्ताची गाठ घेऊन मरतो तो त्याचा सोबती. जॉन ह्यूस्टन यांचा फॅट सिटी (१९७२) हा अपवाद. त्यात कोणीच सुटत नाही. चित्रपट कॉफी घेत मुकाट बसलेल्या दोन मुष्टियोद्ध्यांवर संपतो.

सत्यकथांवरील चित्रपटांत नायकाची सोडवणूक प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाने होण्याचा धोका असतो. सिंडरेला मॅन (२००५) मध्ये नायकाचा प्रतिस्पर्धी मॅक्स बेअर निर्दय दाखवला आहे. आपल्या हातून प्रतिस्पर्धी मेल्याचे शल्य खऱ्या बेअरला आयुष्यभर होते, असे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. स्त्री नायिका गर्लफाइट (२०००) व मिलियन डॉलर बेबी (२००४) पासून ठळक झाल्या. दुसऱ्यात सोडवणुकीचे ओझे गुरूवर येते आणि अपंग झालेल्या शिष्येचे आयुष्य संपवण्याच्या त्याच्या अखेरच्या निर्णयावर अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला.

भारतीय चित्रपटांत अडसर दलालाचा नसून बहुधा निवड समिती, संघटना किंवा जात यांचा असतो. मेरी कोम (२०१४), सुधा कोंगरा यांचा इरुधी सुट्ट्रु (२०१६) व अनुराग कश्यप यांचा मुक्काबाज (२०१८) ही याची उदाहरणे. पा. रंजित यांचा सार्पट्टा परंबरै (२०२१) उत्तर मद्रासमधील मुष्टियुद्धाच्या ‘परंपरै’, म्हणजे घराणेवजा तालमींवर, आणीबाणीच्या काळात बेतला आहे. नायक कबिलन महत्त्वाच्या लढतीत जिंकण्याच्या बेतात असताना दंगा माजवून त्याला भर रिंगणात विवस्त्र केले जाते. त्याच सुमारास राज्य सरकार बडतर्फ होऊन त्या सरकारच्या पक्षाचा असलेला त्याचा गुरू अटकेत जातो. नंतर कबिलन दारूच्या आहारी जातो आणि पुढे समुद्रकिनाऱ्यावर एका म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्याकडून पहिल्यापासून शिकतो. ज्या प्रतिस्पर्ध्याशी ती लढत अर्धवट राहिली होती, त्याच्याशीच तो पुन्हा उभा राहतो.